हुंडणावळ आणि परमुलुखातील संसार

मथुरा सोडून पश्चिम समुद्राकाठी गेलेल्या यादवांनी जी नगरी वसविली, तिचे नाव आपल्या ह्या उपनगराला मिळाले आहे. हे नाव रूढ होण्यापूर्वी ह्या भागास पापनकलां म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणाने येथे भूखंड पाडले, सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या आणि निरनिराळ्या प्रांतांतून चाकरीनिमित्त आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांत आपण महाराष्ट्रीयही आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुले आता आपल्याही पुढे गेली आहेत. कोणी न्यू जर्सीत, कोणी दुबईत, तर कोणी म्यूनिकमध्ये आहे. त्यामुळे संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात गणपतीची वर्गणी, गुडघेदुखी आणि डॉलरचा भाव हे तीन विषय हमखास निघतात. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत ह्या तिसऱ्या विषयाचा थोडा इतिहास मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

आज आपण ज्याला विनिमय दर म्हणतो त्याला आपल्या भाषेत हुंडणावळ असा जुना व नेमका शब्द आहे. एका पेठेतील पैसा दुसऱ्या पेठेत पोहोचवायचा तर सावकाराकडे रक्कम भरून हुंडी घ्यावयाची आणि ती दुसऱ्या गावी वटवावयाची, ही रीत होती. ह्या व्यवहारात जे द्यावे लागे ती हुंडणावळ, आणि एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या मुलुखात चालविताना जी तूट सोसावी लागे तो बट्टा. हे दोन्ही शब्द दूर देशी राहणाऱ्या मराठी माणसाच्या परिचयाचे होते. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील मंडळी अठराव्या शतकात ह्याच दिल्लीत राहिली. पुण्याचा रुपया आणि दिल्लीचा रुपया हे तेव्हा एक नव्हते, आणि मुलूख अशांत झाला की हुंडी मिळणेही दुरापास्त होई. सन १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीत फौजेसह असताना पैशाची इतकी तंगी झाली की लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे रुपेरी छत काढून त्याचे रुपये पाडावे लागले. त्या चांदीचे नऊ लाखांच्या आसपास रुपये झाले, असे सांगतात. घरापासून दूर असलेल्यास तलवारीइतकीच हुंडीही लागते, हा धडा त्या प्रसंगात आहे.

पुढे इंग्रजी अंमलात देशभर एकच रुपया झाला. पुणे-दिल्ली हुंडणावळीचा जाच संपला. पण रुपया आणि पौंड ह्यांच्यामधील नवी हुंडणावळ सुरू झाली. तिची पहिली झळ लागल्याची तक्रार ज्यांनी केली ते परदेशस्थ भारतीय नव्हते. ते भारतात राहणारे इंग्रज होते. आज आपण आपल्या मुलांना ज्या स्थितीत पाहतो, त्याच स्थितीत दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्याचा वा पुण्याचा इंग्रज अंमलदार होता. त्याची कमाई एका नाण्यात होती, आणि बायकामुले, शाळेची फी व म्हातारपणाची तरतूद दुसऱ्या नाण्यात.

इंग्लंडचे चलन सोन्याचे आणि हिंदुस्थानचे चांदीचे होते. १८७१ नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, युरोपातील इतर देशांनी चांदीची नाणी मुक्तपणे पाडणे थांबविले, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील खाणींतून चांदीचा पुरवठाही वाढला. चांदीचा भाव उतरला आणि तिच्याबरोबर रुपयाही उतरला. सत्तरीच्या आरंभी जो रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता, तो १८९४-९५ मध्ये सरासरीने तेरा पेन्सांवर, म्हणजे एक शिलिंग एक पेनीवर आला. दरमहा हजार रुपये पगार असलेला अंमलदार निम्मा पगार घरी धाडीत असेल, तर त्याच्या पाचशे रुपयांचे पूर्वी पन्नास पौंड होत. आता सत्तावीसच होऊ लागले. पगारात एका पैचीही कपात न होता त्याचे विलायतेतील घर निम्म्यावर आले.

सरकारचीही गत तीच होती. निवृत्तिवेतने, व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च इत्यादी ‘होम चार्जेस’ पौंडांत भरावे लागत. १८९२-९३ मध्ये ह्यापायी सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड पाठविण्यास २६ कोटींहून अधिक रुपये लागले. जुन्या दोन शिलिंगांच्या दराने साडेसोळा कोटींत भागले असते. मधल्या दहा कोटींचा भार हिंदी करदात्यावर पडला. अखेर हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खाजगी चांदीस बंद करण्यात आल्या आणि रुपया कृत्रिमरीत्या वर उचलण्याचे धोरण सुरू झाले. फाउलर समितीनंतर १८९९ मध्ये १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडास पंधरा रुपये, हा दर पक्का झाला.

ह्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. अधिवास हिंदुस्थानात नसलेल्या युरोपियन व युरेशियन अंमलदारांना हुंडणावळीची नुकसानभरपाई म्हणून भत्ता देण्याचे सरकारने ठरविले. निम्मा पगार, वार्षिक एक हजार पौंडांच्या मर्यादेत, १ शिलिंग ६ पेन्स ह्या सवलतीच्या दराने धरावयाचा आणि बाजारभावाशी येणारा फरक तिजोरीतून द्यावयाचा. वरील अंमलदाराच्या पाचशे रुपयांचे त्यामुळे सत्तावीसऐवजी साडेसदतीस पौंड झाले. १८९३ च्या लाहोर काँग्रेसने ह्या भत्त्याविरुद्ध ठराव केला, आणि १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही ह्या खर्चावर बोट ठेवले. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा होता. टांकसाळी बंद झाल्यामुळे शेतकऱ्याच्या घरातील चांदीची किंमत रुपयाच्या मानाने उतरली होती. अडीअडचणीला मोडावयाचे गोठ आणि वाळे पूर्वीइतके रुपये देईनासे झाले. त्या शेतकऱ्यास कोणी भरपाई देऊ केली नाही. हुंडणावळ बदलली म्हणजे तोटा नाहीसा होत नाही, तो एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर जातो. तो कोणाच्या पाठीवर जावा हे सत्तेच्या जवळ कोण आहे ह्यावर ठरते.

येथे आम्ही सरकारी चाकरीतील मंडळींनी स्वतःकडेही पाहावयास हवे. महागाई वाढली की आम्हाला महागाई भत्ता मिळतो. वकिलातीत नेमणूक झाली तर परदेश-भत्ता मिळतो. त्या जुन्या भरपाई-भत्त्याचे हे दूरचे नातलगच म्हणावयाचे. ज्यांच्या कमाईला असे छत्र नाही, त्यांच्या संसाराचा विचार करताना आमच्यासारख्यांनी थोडे जपून बोलावे.

असे छत्र नसलेला परदेशस्थ म्हणजे विद्यार्थी. मराठी विद्यार्थ्यांपैकी ज्याने हुंडणावळीचा मुळापासून अभ्यास केला, तो स्वतः उसनवारीच्या पैशावर लंडनला गेलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले होते. सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला गेले.

त्या वर्षीचा रुपयाचा भाव पाहिला म्हणजे रुपयांत पैसा मागविणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना येते. महायुद्धामुळे चांदी महागली आणि १९२० च्या आरंभी रुपया अडीच शिलिंगांच्याही वर चढला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याचे दोन शिलिंग हा दर सुचविला. तो टिकविण्यासाठी सरकारने जानेवारी ते सप्टेंबर १९२० ह्या काळात सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या उलट हुंड्या विकल्या. ज्यांना हिंदुस्थानातील पैसा विलायतेस न्यावयाचा होता, त्यांची ह्या दराने चंगळ झाली. दर मात्र टिकला नाही. युद्धोत्तर तेजी ओसरली, जगभर मंदी आली, हिंदी मालाची मागणी बसली, आणि १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घुटमळू लागला. घरून दरमहा शंभर रुपये येणाऱ्यास अडीच शिलिंगांच्या भावाने साडेबारा पौंड मिळाले असते. सव्वा शिलिंगाने सव्वासहाच मिळणार. घरच्यांनी तितकेच पोट मारून तितकेच रुपये पाठवावेत आणि मुलाच्या हाती निम्मे पडावेत, असा तो काळ होता.

त्याच काळात आंबेडकरांनी आपला प्रबंध लिहिला, आणि डिसेंबर १९२३ मध्ये तो ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ ह्या नावाने लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. प्रास्ताविक त्यांचे गुरू एडविन कॅनन ह्यांनी लिहिले. रुपयाचा बाहेरचा भाव स्थिर राखण्यापेक्षा देशातील किमती स्थिर राखणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी नाणी पाडण्याच्या सरकारच्या अधिकारास कडक मर्यादा हवी, हा त्यांचा प्रमुख मुद्दा. दुसरा मुद्दा आपल्या विषयास अधिक जवळचा आहे. हुंडणावळ उतरली की निर्यात करणाऱ्यास फायदा होतो, पण तो फायदा आकाशातून पडत नाही. किमती चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणून मजुराच्या ताटातून तो निघतो. म्हणजे तो राष्ट्राचा लाभ नव्हे, एका वर्गाचा दुसऱ्याच्या खर्चाने झालेला लाभ होय. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. ह्याच कमिशनच्या शिफारशींतून १ शिलिंग ६ पेन्सांचा दर आणि कालांतराने, १९३५ मध्ये, रिझर्व्ह बँक आली.

ह्याच विद्यार्थिदशेत, १९२२ मध्ये, आंबेडकरांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव घातले होते. तेव्हा जर्मन मार्क रोज कोसळत होता. नोव्हेंबर १९२३ पर्यंत एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क, ही अविश्वसनीय पायरी आली. त्या देशात पौंड वा डॉलर घेऊन जाणारा परका साध्या पैशात ऐटीत राहू शकत होता आणि तेथल्या प्राध्यापकाच्या विधवेची आयुष्यभराची शिल्लक पावाच्या एका तुकड्यालाही पुरत नव्हती. त्या परक्याने काही पराक्रम केलेला नव्हता, आणि त्या विधवेने काही उधळपट्टी केलेली नव्हती. हुंडणावळीच्या नफ्यातोट्याचे खरे स्वरूप ह्याहून स्पष्ट कोठे दिसणार?

स्वातंत्र्यानंतरची कथा आखाती देशांकडे वळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेत, बहारीन, कतार, आजची अमिराती व मस्कत येथे आपलाच रुपया चालत असे. सोन्याच्या चोरट्या आयातीमुळे परकीय चलनाची गळती होऊ लागली, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला व बहारीनने १९६५ मध्ये. उरलेल्यांनाही निर्णय घेण्यास भाग पाडले ते ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते, ते ७ रुपये ५० पैसे झाले. आखाती रुपया भारतीय रुपयाशी बांधलेला असल्याने तोही तितकाच घसरला. कतार, दुबई, अबुधाबी ह्यांनी त्याच वर्षी रुपया सोडला आणि ओमानने १९७० मध्ये.

त्याच अवमूल्यनाने दुसऱ्या दिशेच्या प्रवाशालाही गाठले. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला शंभर डॉलर पाठवावयास ४७६ रुपये लागत, ते आता ७५० लागू लागले. तेही परवानगी मिळाली तर. परकीय चलनाची टंचाई अशी की त्या काळात परदेशी जाणाऱ्याच्या खिशात अवघे आठ डॉलर असत. आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठविण्याची मुभा असलेल्या पिढीला हे सांगितले तर कहाणी वाटते.

सत्तरीत तेलाचे भाव वाढले आणि आखातात कामाचा पूर आला. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांकाठची कितीतरी घरे आखाताच्या पैशावर उभी राहिली. तेथील दिनार-दिरहमाच्या तुलनेत रुपया उतरत गेला आणि प्रत्येक घसरणीने गावाकडे येणारा पैसा फुगत गेला. रुपया घसरला की परदेशस्थाचे भलेच होते, अशी समजूत ह्याच काळात आपल्या समाजात रुजली.

तिची कसोटी २ ऑगस्ट १९९० रोजी लागली. इराकने कुवेत घेतला. ज्या कुवेती दिनाराला आदल्या आठवड्यात तीन डॉलरांहून अधिक भाव होता, तो इराकी दिनाराच्या पंक्तीला बसविला गेला आणि पुढे रद्दच ठरविण्यात आला. एक लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. अनेकांनी अंगावरच्या कपड्यांनिशी सगळा संसार मागे टाकला. तिकडून येणारा पैसा आटला, इकडे तेल महागले, अनिवासी भारतीयांनी धास्तावून ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली, आणि १९९१ च्या मध्यास देशाची परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. सोने परदेशी गहाण टाकावे लागले. १ आणि ३ जुलै १९९१ रोजी दोन हप्त्यांत अवमूल्यन होऊन डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. कुवेतहून रिकाम्या हाती आलेल्या माणसाला ह्या चढ्या भावाचा काय उपयोग? भावाचा लाभ ज्याची कमाई चालू आहे त्याला. ज्याची कमाईच गेली त्याच्या वाट्याला फक्त महागाई आली.

२००८ मध्ये हेच पुन्हा दिसले. वर्षारंभी डॉलर ३९-४० रुपयांना होता. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि मार्च २००९ पर्यंत तो पन्नाशी ओलांडून गेला. दिरहम डॉलरशी जखडलेला असल्याने त्याचाही भाव त्याच प्रमाणात चढला. ज्याचे काम टिकले तो गावी पूर्वीपेक्षा अधिक रुपये पाठवू लागला. पण त्याच मंदीने दुबईतील बांधकामे थांबविली आणि हजारोंना मायदेशी धाडले. आर्थिक संकटात भांडवल घाबरून डॉलरकडे धावते, म्हणून आपला रुपया पडतो. आणि त्याच संकटात परक्या देशातील मालक माणसे कमी करतो. भाव चढण्याचे आणि नोकरी जाण्याचे कारण पुष्कळदा एकच असते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परदेशस्थाच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. त्याचा मुक्काम नोकरीवर अवलंबून असतो. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर असलेल्याची नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास सामान्यतः साठच दिवस मिळतात. घर, मुलांची शाळा, गाडीचे हप्ते सर्व त्या साठ दिवसांत उरकावयाचे.

आज हा विषय एखाद्या किनारपट्टीचा राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशस्थांनी भारतात ११८.७ अब्ज डॉलर पाठविले. त्यातील २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राकडे आला, म्हणजे केरळाहूनही किंचित अधिक. पाठविणाऱ्या देशांत आखातातील एकेका देशास मागे टाकून अमेरिका पहिली आहे.

पण पैसा केवळ येतो असे नाही, जातोही. द्वारकेत आमच्या परिचयाच्या कित्येक घरांनी निवृत्तीची रक्कम वा राहते घर तारण ठेवून मुलांना बाहेर शिकावयास धाडले आहे. जुलै २०२२ मध्ये डॉलरने ऐंशीचा आकडा पाहिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदीचा. चाळीस हजार डॉलरांची फी ऐंशीच्या भावाने ३२ लाख होते आणि नव्वदीने ३६ लाख. विद्यापीठाने एक डॉलरही न वाढविता चार लाख वाढले. मुलाला तेथे नोकरी लागली तर हाच भाव कर्ज फेडण्यास मदत करील. न लागली तर रुपयांचे कर्ज रुपयांच्याच पगारातून फेडावे लागेल. ह्यासाठी काही साध्या गोष्टी घरोघर पाळता येतील. जेथे खर्च आहे तेथल्या नाण्यात थोडी शिल्लक आधीपासून असावी. भाव चढला म्हणून आलेल्या जादा रुपयांवर कायमचा खर्च वा नवा हप्ता उभारू नये. आणि परदेशातील मुलाने निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवल्याशिवाय त्याच्याकडून घरासाठी मोठी अपेक्षा करू नये.

ह्याहून मोठी गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत बसत नाही. हिंगण्यांच्या काळापासून आजवर पाहिले तर परमुलुखातील माणसाच्या कमाईची किंमत त्याच्या कष्टाने ठरत नाही. ती चांदीच्या खाणीने, लंडनच्या समितीने, इराकच्या फौजेने किंवा न्यूयॉर्कच्या पेढीने ठरविली आहे. म्हणून हुंडणावळीचा नफा हे कर्तृत्व मानू नये, आणि तिच्या तोट्याला किंवा मंदीत नोकरी जाण्याला दोषही मानू नये. आपल्या समाजात मात्र मुलगा परदेशी गेला की पेढे वाटले जातात, आणि परत आला की सोसायटीच्या जिन्यात कुजबुज सुरू होते. पुष्कळ घरे ह्या कुजबुजीच्या भयाने मुलाची नोकरी गेल्याचे महिनोन् महिने लपवितात. मुलेही आईवडिलांपासून लपवितात, आणि कर्जाच्या ओझ्याबरोबर लाजेचे ओझे वाहतात.

विलायती अंमलदाराच्या पाठीशी त्याच्या सरकारची तिजोरी होती. आपल्या मुलांच्या पाठीशी तसे काही नाही. त्यांचे कुटुंब आहे, आणि कुटुंबाच्या मागे आपले मंडळ आहे. चाकरीसाठी परक्या शहरात आलेल्या माणसाला खोली कोठे मिळेल, मुलाला शाळेत कसे घालावे, आजारपणात कोणाला बोलवावे, ह्यासाठीच अशी मंडळे मुळात निघाली. आता बाहेर जाणाऱ्यांइतकेच परत येणारेही असणार आहेत. त्यांना कामाची माहिती द्यावी, ओळखी करून द्याव्यात, मुलांना मराठी-हिंदीची संथा द्यावी आणि गणपतीच्या आरतीला त्यांना पूर्वीच्याच जागी उभे राहू द्यावे. “का परत आलात?” हा प्रश्न कोणी विचारू नये. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वर्षांत मंडळाने एवढे अंगी बाणविले, तर कोणत्याही हुंडणावळीत बट्टा न लागणारी एक पुंजी आपल्या गाठीशी राहील.